राष्ट्रीय फुटबॉल स्टेडियम गोव्यात बांधायचे झाले, तर आराखडा कुठून सुरू करावा?

मांडवीकाठ (धागाकर्ता)

माझा भाचा वास्तुरचनेच्या चौथ्या वर्षाला आहे. अभ्यासाचा भाग म्हणून यंदा त्याने गोव्यातील एका काल्पनिक राष्ट्रीय फुटबॉल स्टेडियमचा आराखडा केला. कल्पना मला आवडली. इंग्लंडला वेम्बली आहे, फ्रान्सला स्ताद दे फ्रान्स आहे. आपला राष्ट्रीय संघ मात्र कधी कोलकात्यात, कधी बेंगळुरूत, कधी गुवाहाटीत, तर कधी आपल्या मडगावच्या फातोर्ड्यात पाहुण्यासारखा येऊन खेळून जातो. 2012 साली फुटबॉलला राज्यखेळाचा दर्जा देणाऱ्या गोव्याने हे घर आपल्याकडे असावे असे म्हटले, तर त्यात वावगे काही नाही. भाच्याने अकरा कागद माझ्यासमोर पसरले. त्यांतल्या नऊ कागदांवर छप्पर होते. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीचे पाणी या मैदानातून कुठे जाणार, एवढेच मी विचारले आणि तो गप्प झाला. म्हणून हा धागा.

छपराचा मोह मला समजतो. वेम्बलीची कमान 133 मीटर उंच असून तिचा आडवा पल्ला 315 मीटर आहे. उत्तरेकडील छपराचा सगळा भार आणि दक्षिणेकडील सरकत्या छपराचा सुमारे 60 टक्के भार ती उचलते, त्यामुळे 90 हजार प्रेक्षकांपैकी कोणाच्याही डोळ्यांसमोर खांब येत नाही. स्ताद दे फ्रान्सचे सुमारे 13 हजार टनांचे लंबवर्तुळाकार छप्पर 18 पोलादी सुयांवर टांगलेले आहे. अशी चित्रे पाहिली की विद्यार्थ्याचा हात छपराकडेच वळणार. मात्र 2007 साली नवे वेम्बली उघडल्यानंतर तिथली हिरवळ पुन्हा पुन्हा उपटून नव्याने अंथरावी लागली आणि अखेर 2010 मध्ये नैसर्गिक गवतात कृत्रिम धागे शिवलेली संकरित हिरवळ घालावी लागली, ही हकिगत त्या चित्रांत दिसत नाही. जगाने वाखाणलेल्या कमानीखाली खेळाडू घसरून पडत होते.

आता गोव्याकडे येऊ. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, हंगाम साधारणपणे या महिन्यांना टाळून असतो, त्यामुळे आपल्या मैदानांची खरी परीक्षा होतच नाही. राष्ट्रीय स्टेडियमला ही पळवाट नाही, कारण आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी फिफा ज्या तारखा राखून ठेवते, त्यांत जून महिना असतो. मैदानाचे खेळायचे क्षेत्र 105 गुणिले 68 मीटर असते. भोवतीची मोकळी पट्टी धरून 120 गुणिले 80, म्हणजे 9600 चौरस मीटर होतात. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर एवढ्या जागेवर 4 लाख 80 हजार लिटर पाणी येते. छप्पर 20 हजार चौरस मीटरचे धरले, तर त्यावरून आणखी 10 लाख लिटर खाली येते. भाच्याचे छप्पर मैदानाकडे उतरते होते!

पाऊस जूनपुरताच असतो, अशा समजुतीतही कोणी राहू नये. 24 ऑक्टोबर 2010 रोजी फातोर्ड्यात भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा क्रिकेटचा एकदिवसीय सामना होता. तो पावसामुळे एकही चेंडू न टाकता रद्द झाला.

माझा स्वतःचा कच्चा विचार असा आहे. 35 हजार आसने असावीत, ॲथलेटिक्सचा ट्रॅक असू नये आणि मैदान उत्तर-दक्षिण असावे, म्हणजे मावळतीचे ऊन गोलरक्षकाच्या डोळ्यांत जाणार नाही. जाणकारांनी यात चुका काढाव्यात. राजकारण कृपया दुसऱ्या धाग्यावर.

कुळागर

मांडवीकाठ, प्रश्न योग्य जागी हात घालणारा आहे. मी स्थापत्य अभियंता म्हणून तीस वर्षे नोकरी केली आणि आता फोंड्याला सुपारी बघतो. माझ्या शब्दांत नोकरशाहीचा वास आला तर माफ करा.

चांगले मैदान म्हणजे गवत लावलेली जमीन नव्हे, तो वरून गवत दिसणारा एक गाळणा असतो. सर्वांत वर मुळांसाठी साधारण 30 सेंटिमीटर जाडीचा वाळूप्रधान थर, त्याखाली खडीचा थर आणि खडीत माशाच्या काट्यासारखी मांडलेली छिद्रांच्या नळ्यांची जाळी. मधला काटा म्हणजे मुख्य नळ, तिरके काटे म्हणजे उपनळ. या सगळ्याचे यश नळ्यांपेक्षा वाळूवर अवलंबून असते. कण फार बारीक असले की पाणी अडते, फार जाड असले की पाणी टिकत नाही आणि मार्चमध्ये गवत करपते. म्हणून पाव मिलिमीटर ते एक मिलिमीटर या मापाचे कण निम्म्याहून बरेच अधिक असावे लागतात. समुद्राची वाळू क्षारांमुळे बाद होते, आणि आपली तांबडी माती वरून "थोडीशी" टाकली तरी तिचे बारीक कण पहिल्याच पावसात वाळूतली भोके बुजवतात. एका मैदानावर मी हे स्वतः पाहिले आहे. नाव सांगत नाही. कंत्राटात वाळू होती, निविदेत वाळू होती, बिलात वाळू होती, आणि मैदानात मात्र माती होती. चौथ्या पावसाळ्यात तिथे बेडूक सुखाने नांदत होते.

गवताविषयीही एक गोष्ट सांगतो. उष्ण प्रदेशांतील फुटबॉल मैदानांवर जे बर्म्युडा गवत वापरतात, ते आपल्या हरळीच्याच कुळातले आहे. चतुर्थीला आपण गणपतीला जी दूर्वा वाहतो तीच ही हरळी. मैदानांसाठी तिचे संकरित वाण तयार केलेले असतात. ती जमिनीलगत धावते, तुडवली तरी पुन्हा उठते, मिठाचा वाराही बऱ्यापैकी सोसते. सावली मात्र तिला अजिबात चालत नाही. छप्पर काढताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

शेवटची सूचना पाण्याविषयी. छपरावरचे ते 10 लाख लिटर गटारात का सोडता? उन्हाळ्यात मैदानाला दिवसाकाठी 5 मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर 9600 चौरस मीटरला रोज 48 हजार लिटर पाणी होते. म्हणजे पावसाच्या एका तासाचे पाणी साठवले, तरी वीस दिवसांची सोय होते. स्टँडखालच्या पोकळीत टाक्या बांधा. तिथे नाहीतरी फक्त मोडक्या खुर्च्याच साठतात.

वाळवंटी

35 हजार हा आकडा मला पटत नाही. राष्ट्रीय म्हणायचे आणि तालुक्याएवढे बांधायचे, हे कशासाठी? रिओचे माराकाना 1950 च्या विश्वचषकासाठी बांधले तेव्हा उरुग्वेविरुद्धच्या शेवटच्या सामन्याला 1 लाख 73 हजारांवर तिकिटे खपली होती. कोलकात्याचे सॉल्ट लेक एके काळी 1 लाख 20 हजारांचे होते. गोव्यात किमान 60 हजारांचे व्हायला हवे.

जागेविषयी माझा एक प्रस्ताव आहे. पोर्तुगालमध्ये ब्रागा शहराचे स्टेडियम दगडाच्या जुन्या खाणीत बांधलेले आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडील 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, त्यानंतर डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत केवढाले खड्डे तसेच पडून आहेत. डोंगर नव्याने न कापता त्यांतलाच एखादा वापरावा. आमच्या भागाच्या वाट्याला धुळीशिवाय काही आले नाही. एखादा सामना तरी येऊ द्या.

मांडवीकाठ (धागाकर्ता)

वाळवंटी, तुमची भावना समजते, पण हिशेब करून पाहू. 2011 च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या 14 लाख 58 हजार आहे. 60 हजार आसने म्हणजे तान्ह्या मुलांसकट दर चोवीस माणसांमागे एक खुर्ची. फातोर्ड्याची क्षमता सुमारे 19 हजार आहे, आणि ते भरते तेव्हा मडगावची वाहतूक काय होते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. माराकाना आणि सॉल्ट लेक या दोन्हींची क्षमता आता पूर्वीच्या जवळपास निम्मी उरली आहे, कारण बाकांवर आणि पायऱ्यांवर माणसे दाटीवाटीने बसवण्याचा काळ गेला.

पोर्तुगालचे नाव काढलेत म्हणून आणखी एक गोष्ट. लिस्बनजवळ जामोर येथे त्यांचे राष्ट्रीय स्टेडियम आहे. 10 जून 1944 रोजी, म्हणजे गोवा त्यांच्या ताब्यात असतानाच, सालाझारने त्याचे उद्घाटन केले. क्षमता सुमारे साडेसदतीस हजार, घोड्याच्या नालासारखा आकार, एक बाजू झाडांकडे उघडी. त्यांच्या राष्ट्रीय चषकाचा अंतिम सामना तिथे खेळवण्याची परंपरा आहे, मात्र राष्ट्रीय संघ बहुतेक वेळा क्लबांच्या मोठ्या स्टेडियमांत खेळतो. त्याच देशाने 2004 च्या युरो स्पर्धेसाठी दहा स्टेडियमे बांधली किंवा नव्याने उभी केली, आणि त्यांपैकी आवेरो, लेइरिया व अल्गार्व्ह येथील स्टेडियमे पुढे नगरपालिकांच्या गळ्यातले लोढणे झाली. तिथे जवळपास 30 हजार आसने होती. मोठे क्लब मात्र नव्हते.

कुळागर

खाणीच्या खड्ड्याविषयी मी बोलतो, कारण ही सूचना हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

ब्रागाचे स्टेडियम मी छायाचित्रांतून आणि रेखांकनांतून बारकाईने पाहिले आहे. एदुआर्दो सोतो द मौरा या वास्तुरचनाकाराने तिथे फक्त दोन लांब बाजूंना स्टँड ठेवले. एका गोलपोस्टमागे उभा कडा आहे आणि दुसऱ्या टोकाला मोकळे आकाश. दोन्ही छपरे मैदानावरून आरपार ताणलेल्या पोलादी दोरांनी एकमेकांना धरून आहेत. गोलामागून फुटबॉल नीट दिसत नाही, म्हणून तिथे प्रेक्षकच बसवले नाहीत, हा विचार मला फार धाडसी वाटतो. पण हे जमले, कारण ब्रागाचा खडक ग्रॅनाइट आहे. तो उभा कापला तरी उभा राहतो आणि दोरांचा ताण त्याच्यात रुजवता येतो. आपल्या लोहखनिजाच्या खाणींत वर जांभा असतो, पण त्याखाली मऊ चिकणमाती आणि भुसभुशीत खनिज लागते. असा उभा काप दोन पावसाळ्यांत खाली बसतो. शिवाय पुष्कळ खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेलेले आहेत. तिथे मैदान करायचे, तर पंप वर्षाचे बारा महिने चालू ठेवावे लागतील, आणि ज्या रात्री वीज जाईल त्या रात्री जलतरण तलाव तयार होईल.

तरीही उतारावर स्टँड टेकवण्याची कल्पना टाकून देऊ नये. खाणीबाहेर टाकलेल्या मातीचे ढीग यासाठी चालणार नाहीत; नैसर्गिक टेकडीचा सौम्य उतार चालेल. स्टँडची एक बाजू जमिनीवरच बसली, तर त्या बाजूचे काँक्रीट वाचते. मात्र वरचा सडा, म्हणजे माथ्यावरचे कातळाचे पठार, कापू नका. सड्यावर मुरलेले पाणीच खालच्या वाड्यांच्या झरींना आणि विहिरींना येते, आणि कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, असलेल्या माणसाला हे कोणी सांगावे लागत नाही.

झुआरीपार

आतापर्यंत पाणी, गवत आणि खडक झाले. माणसे अजून आलेली नाहीत. मी शिक्षिका आहे, आणि मुलांना सामन्याला घेऊन जाणारी मोठी माणसे म्हणजे बहुधा आम्हीच असतो.

24 मे 1964 रोजी लिमामध्ये, पेरूच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये, अधिकृत आकड्यानुसार 328 माणसे मेली. पेरूचा गोल पंचांनी नाकारला, काही लोक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि बाकीचे जिन्यांच्या बोगद्यांतून खाली धावले. खाली रस्त्याकडचे लोखंडी दरवाजे बंद होते. मागच्यांना ते दिसत नव्हते, म्हणून ते ढकलत राहिले. छप्पर पडले नाही, भिंत कोसळली नाही, बांधकाम शाबूत होते. आपल्याकडे 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात भांडण पेटले आणि चेंगराचेंगरीत 16 प्रेक्षक दगावले. दोन्ही संघांच्या चाहत्यांना एकाच स्टँडमध्ये एकत्र बसवले होते.

ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी जी मार्गदर्शिका वापरतात, तिच्यात जिन्याच्या दर मीटर रुंदीवरून मिनिटाला 66 माणसे उतरतात असे धरले जाते, आणि सर्वांना बाहेर पडायला जास्तीत जास्त आठ मिनिटे मिळतात. 35 हजारांसाठी मी गुणाकार केला. एकूण सुमारे 66 मीटर रुंदीचे जिने लागतात. दोन मीटरचा एक धरला, तर तेहेतीस-चौतीस. मांडवीकाठ, तुमच्या भाच्याच्या आराखड्यात किती आहेत, हे विचाराल का? आणि दरवाजे बाहेरच्या बाजूला उघडतात ना, हेही.

दुसरी गोष्ट स्वच्छतागृहांची. नव्या वेम्बलीत 2618 शौचालये आहेत, आणि ते ऐकून हसणाऱ्या पुरुषांनी मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत महिलांच्या रांगेत एकदा उभे राहून पाहावे. एका स्टेडियममध्ये माझ्या वर्गातील मुलींना घेऊन मी रांगेत उभी असताना दोन्ही गोल झाले. गोल झाल्याचे आम्हाला आवाजावरून कळले.

तिसरी गोष्ट उन्हाची. मैदान उत्तर-दक्षिण ठेवले की पश्चिमेच्या स्टँडला मावळता सूर्य पाठीमागे मिळतो, म्हणून मान्यवर, कॅमेरे आणि महागडी तिकिटे नेहमी तिकडे असतात. पूर्वेचा स्टँड तोंडावर ऊन घेतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वाराही सर घेऊन त्यांच्याच तोंडावर येतो. पूर्वेकडचे छप्पर पश्चिमेपेक्षा खोल असावे, एवढे तरी आराखड्यात घाला. आणि साडेसातला सुरू झालेला सामना साडेनऊला संपतो, तेव्हा वाळपईची बस कधीच गेलेली असते. बसथांबा आणि रेल्वे चालत जाण्याच्या अंतरावर नसेल, तर वाळवंटी, तुमच्या डिचोलीचे साठ हजार लोक घरी कसे जाणार?

वाळवंटी

ताई, बसचा मुद्दा मान्य. खड्डा मागे घेतो. 60 हजारांचे मात्र अजून मनातून जात नाही. निदान पुढे वाढवता येईल असा पाया तरी घाला.

रेघ_आणि_रंध्र

मामांनी माझ्या आराखड्याचे जाहीर वाभाडे काढल्यामुळे मला सदस्यत्व घ्यावे लागले. मीच तो भाचा. छप्पर मैदानाकडे उतरते होते, ही चूक कबूल आहे. झुआरीपार मॅडम, जिने 22 होते. तेही कबूल आहे.

पण छपराबद्दल माझी बाजू ऐकून घ्या, कारण कुळागर काकांनी म्हटलेला हरळीवरच्या सावलीचा प्रश्न छपराच्याच रेखांकनात सुटतो. डिसेंबरमध्ये लंडनला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर येतो. 30 मीटर उंच छपराची सावली तेव्हा 112 मीटर, म्हणजे मैदानाच्या लांबीपेक्षाही जास्त पडते. दक्षिणेकडचे छप्पर सरकते ठेवूनही वेम्बलीचे गवत का झुरत होते, ते यावरून कळेल. गोवा साधारण साडेपंधरा अंश अक्षांशावर आहे. इथे त्याच दिवशी दुपारी सूर्य सुमारे 51 अंशांवर असतो आणि त्याच छपराची सावली 24-25 मीटरांत संपते. जूनमध्ये तर सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो. म्हणून आपल्याला सरकत्या छपराची, त्याच्या मोटारींची आणि गंजणाऱ्या रुळांची गरज नाही. दक्षिणेच्या स्टँडचे छप्पर थोडे ठेंगणे ठेवले तरी पुरे. सिंगापूरने 2014 मध्ये 310 मीटर व्यासाचा घुमट आणि सरकते छप्पर असलेले राष्ट्रीय स्टेडियम उघडले, आणि पहिल्याच वर्षी ब्राझील विरुद्ध जपान हा सामना वाळू उघडी पडलेल्या हिरवळीवर झाला. दमट हवा, भरपूर पाऊस, विषुववृत्ताजवळचे ऊन. आपल्याला त्यांच्याकडूनच शिकता येईल.

मामांनी ट्रॅक नको म्हटले, त्याचे कारण मला प्रेक्षकांच्या नजरेच्या रेषेत सापडले. पुढच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या पातळीवरून मागच्याची नजर किती वरून जाते, याला सी-मूल्य म्हणतात. 60 मिलिमीटर हे किमान, 90 चालेल असे, 120 चांगले. समजा, एका प्रेक्षकाचे डोळे मैदानापासून 10 मीटर उंच आहेत, जवळच्या टचलाइनपर्यंत (मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेपर्यंत) आडवे अंतर 30 मीटर आहे आणि प्रत्येक पायरीची खोली 80 सेंटिमीटर आहे. पायरी 40 सेंटिमीटर उंच ठेवली, तर सी-मूल्य 130 मिलिमीटर येते; 30 सेंटिमीटर ठेवली, तर फक्त 32. काँक्रीटच्या दहा सेंटिमीटरांत सगळा सामना दिसतो किंवा समोरच्याची टोपी दिसते. मध्ये ट्रॅक घातला की हे गणित सुटते, पण मागच्या रांगा मैदानापासून इतक्या लांब जातात की खेळाडूंचे क्रमांक वाचता येत नाहीत. माझ्या आराखड्यात वरच्या 25 रांगांच्या पायऱ्या 30 सेंटिमीटरच्या होत्या, हे मला काल रात्री कळले.

कुळागर

बाळ, हे उत्तम. आता छपराच्या पोलादाकडे ये. समुद्रावरून येणारा खारा वारा आणि चार महिने न वाळणारी हवा यांत पोलाद आधी जोडांपाशी मरते. तुळई दिसते म्हणून तिला रंग मिळतो. बोल्ट, दोरांची टोके आणि पन्हळीच्या मागची बाजू दिसत नाही म्हणून मिळत नाही. तुझ्या आठव्या कागदावर 64 दोर आहेत, असे मामा सांगतात. प्रत्येक दोराच्या टोकापर्यंत माणूस शिडी न लावता चालत पोचला पाहिजे, अशी पायवाट छपरातच दाखव. पोचता आले नाही, तर तपासणी होत नाही. तपासणीची वही मात्र भरली जाते.

वाळवंटी पुढे वाढवण्याबद्दल म्हणाले, त्यालाही उत्तर आहे. कतारच्या 2022 च्या विश्वचषकातील एक स्टेडियम 974 मालवाहू कंटेनर वापरून, सुटे करता येईल असे बांधले होते. उत्तर आणि दक्षिण बाजूंचे वरचे मजले बोल्टच्या जोडांचे ठेव. मोठ्या स्पर्धेच्या वेळी ते चढवता येतील. त्यांचा पाया मात्र आजच घालावा लागेल, आणि जिनेही त्याच हिशेबाने.

रेघ_आणि_रंध्र

काका, रात्रभर बसून बदल केले. जिने 34 झाले. दोर 64 वरून 40 वर आले आणि प्रत्येकाकडे जाणारी पायवाट दाखवली आहे. छपराचा उतार बाहेरच्या बाजूला वळवला आणि पन्हळीचे पाणी पूर्व व पश्चिम स्टँडखालच्या टाक्यांत सोडले. पूर्वेचे छप्पर सहा मीटर पुढे काढले.

एक नवी अडचण आली आहे. 25 रांगांच्या पायऱ्या दहा-दहा सेंटिमीटरने वाढवल्यामुळे शेवटची रांग अडीच मीटर वर गेली, तिच्याबरोबर छप्पर गेले, आणि डिसेंबरमधील दुपारची सावली आणखी दोन मीटर आत सरकली. दक्षिणेकडच्या गोलपोस्टसमोरचा तुकडा आता तिच्याखाली येतो, म्हणजे गवत सर्वांत जास्त तुडवले जाते नेमका तोच. दक्षिणेच्या चार रांगा काढून टाकू, की गोलरेषेपासून स्टँड तीन मीटर मागे घेऊ, हे ठरत नाही. दोन्ही पर्यायांचे काप (उभ्या छेदाची रेखांकने) रविवारपर्यंत इथे चढवतो.